तामाएचा पावसाळी पायगुण

नवऱ्याच्या तसबिरीपुढे चहाचा पेला ठेवताना तामाएने श्वास रोखून धरला. हल्ली रोजच सकाळी तिला असा श्वास रोखावा लागे. गरम हिरव्या चहाचा वास नाकात शिरला की मनाचा निश्चय डळमळायचा, आणि देवघरासमोर उभं राहून डळमळणं तिला बरं वाटत नसे. पेला ठेवून झाला, उदबत्ती लावून झाली, लहानशी घंटा वाजवून तिने हात जोडले. मग स्वयंपाकघरात येऊन स्वतःसाठी कपात नुसतं गरम पाणी ओतून घेतलं आणि त्यात काहीतरी आहे अशी समजूत घालत, फुंकर मारत मारत ती ते प्यायली.

तामाएने चहा सोडला होता. गल्लीच्या तोंडाशी कान्नोनदेवीचं एवढंसं देऊळ होतं, तिथे जाऊन ती नवस बोलली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. देवीचं आणि आपलं बोलणं तिसऱ्याच्या कानावर घातलं की त्याची गोडी जाते, असं तिला वाटे. आणि मागणं तरी किती साधं! नात चिहायाच्या लग्नाच्या फोटोत आपण असावं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, सख्ख्या नातीच्या लग्नाच्या फोटोत आजी नसेल तर कोण असेल? पण तामाएची गोष्ट वेगळी होती. तामाएचा पायगुण पावसाळी होता.

तिच्या स्वतःच्या लग्नात वादळ आलं आणि वऱ्हाडाच्या छत्र्या उलट्या होऊन देवळाच्या छपरावर जाऊन बसल्या. मुलाच्या शाळेत खेळांचा दिवस असला की ती डबा घेऊन मैदानात पोचायची आणि तिच्या पाठोपाठ ढग पोचायचे, पुढे पुढे मुलगाच फाटकाशी उभा राहून म्हणायला लागला, "आई, डबा दे आणि घरी जा." एकदा ती तोत्तोरीला वाळूच्या टेकड्या बघायला गेली. तिथे हौसेने उंटावर बसली आणि उंटाने दोन पावलं टाकली नाहीत तोच सर आली. उंटाने मान वळवून तिच्याकडे जे पाहिलं ते ती अजून विसरली नव्हती. नवऱ्याला निरोप देताना रिमझिम झाली तेव्हा मात्र लोक म्हणाले, "आभाळसुद्धा रडलं." तेवढा एकच पाऊस कुणी तिच्या माथी मारला नाही.

याच्या अगदी उलट तिची नणंद, हिसानो. नवऱ्याची थोरली बहीण. ती उन्हाची बाई. ती जाईल तिथे आभाळ झाडून पुसून लख्ख. गल्लीची सहल ठरायची ती आधी हिसानोला वेळ आहे का ते विचारून. तिच्या घरात छत्री नव्हती. छत्री ठेवणं म्हणजे स्वतःवर संशय घेणं, असं ती म्हणायची.

तर या हिसानोचा दोन आठवड्यांपूर्वी फोन आला होता.

"वहिनी, लग्नाचे फोटो बागेत काढायचे ठरलेत. मेपल लाल झालेत, तळ्यात त्यांची सावली पडते, फार सुरेख दिसतं."

"हो ना वन्सं, चिहाया सांगत होती."

"म्हणून म्हणते, तू आपली आत दालनात बस. शेगडीजवळ. फोटो झाले की बोलावते तुला."

"म्हणजे मी फोटोत नाही?"

"अगं, असं काय करतेस! फोटोत तू असशीलच. तुझा एक वेगळा फोटो काढू आणि वरच्या कोपऱ्यात गोल करून लावू."

शाळेच्या फोटोत त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाचं तोंड असं वर गोलात लावतात. बाकीचे सगळे रांगेत हसत उभे, आणि हा एकटा आभाळात, चंद्रासारखा. तामाए उभ्या आयुष्यात नणंदेला उलट बोलली नव्हती. पण तो गोल डोळ्यांपुढे आला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आणि वन्सं, मी असूनही पाऊस आला नाही तर?"

मग हिसानो म्हणाली, "बघूच."

अशी ती परीक्षा ठरली. लग्नाच्या आधीच्या रविवारी तिघांनी मिळून तीन देवळांच्या बागा बघायच्या. शेवटची बाग लग्नाची. संध्याकाळपर्यंत तामाएवर पाऊस पडला नाही तर तिने फोटोत मधोमध उभं राहायचं. पडला तर गोल.

आणि नोव्हेंबरचा महिना! या दिवसांत क्योतोत उत्तरेच्या डोंगरावरून शिगुरे येते. शिगुरे म्हणजे पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, न म्हणावा तर बाही भिजलेली. आली म्हणेस्तोवर जाते, गेली म्हणून बाहेर पडावं तर कोपऱ्यावर उभी. परीक्षेला याहून वाईट महिना सापडला नसता. तामाएने कान्नोनला हात जोडले, पण पाऊस थांबव असं काही मागितलं नाही. डोंगरापलीकडे कुणाचे मुळे आणि कोबी लावलेले असतील, त्यांना पाणी लागतं. आपल्या फोटोसाठी कुणाचा कोबी का वाळावा?

तिसरे होते हिसानोचे यजमान, किंजिरो. पोट मोठं, मन मोठं, आणि डोक्यावर जुनी निळी टोपी. मुलांच्या बेसबॉलच्या सामन्यांत त्यांनी सारी उमर पंचगिरी केली होती आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कुठे काही निकाल द्यायची संधी मिळाली की त्यांचा चेहरा उजळायचा. बसच्या थांब्यावरच त्यांनी दोघींना समोर उभं केलं.

"नियम ऐकून घ्या. आभाळातून निघून थेट वहिनींच्या अंगावर पडेल तोच पाऊस. झाडावरून, छपरावरून, कारंज्यातून पडलेलं पाणी धरायचं नाही. शंका आली तर निर्णय माझा. माझ्याशी वाद घालेल त्याला मैदानाबाहेर काढीन."

"मलासुद्धा?" हिसानोने विचारलं.

"तुला सोडून," किंजिरो घाईने म्हणाले.

हिसानो नटून आली होती. पिकल्या काकी नावाच्या फळासारखा केशरी किमोनो आणि त्यावर सायीच्या रंगाचा रेशमी हाओरी अंगरखा. छत्री तिने आणली नव्हती. ती उन्हाची बाई. तामाएनेही आणली नव्हती. छत्री आणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. आणि पंचाच्या हातात छत्री दिसली तर तो एका बाजूचा वाटेल म्हणून किंजिरोंनीही आणली नव्हती. अशी ही तीन म्हातारी माणसं आभाळाकडे बघत बसमध्ये चढली.

पहिलं देऊळ शेवाळाच्या बागेचं. ऊन असं पडलं होतं की शेवाळावर कुणी तुपाचा हात फिरवला असावा. तामाए झाडांखालून जपून चालत होती, डोकं खांद्यांत ओढून, आणि तेवढ्यात तिच्या नाकावर टपकन थेंब पडला.

"आउट!" हिसानो ओरडली.

शेवाळ झाडणारा भिक्षू हातातला खराटा तसाच धरून थांबला.

"थांब. ओरडायचं काम माझं आहे," किंजिरो म्हणाले. ते तामाएच्या नाकाशी वाकले, थेंब नीट निरखला, मग वर पाहिलं, मग तळहात पसरून ठेवला. सगळी बाग श्वास रोखून उभी. "मेपलचं पाणी. कालचं. सेफ!" आणि त्यांनी दोन्ही हात असे काही फैलावले की एका प्रवाशाची टोपी उडाली.

"कालचं आहे हे कशावरून?"

"शिळं दिसतंय."

बागेपुढच्या ओसरीवर चहा आला. जाड वाडग्यांत हिरवागार फेसाळ चहा, बरोबर मेपलच्या पानाच्या आकाराची मिठाई. वाफ थेट तामाएच्या तोंडावर आली. तिने डोळे मिटले, मनात कान्नोनचं नाव घेतलं आणि वाडगा हळूच डावीकडे सरकवला.

"भावोजी, तुम्ही घ्या. मला नको."

"चहा नको?" हिसानोने भुवया उंचावल्या. "तू? तुझ्या घरी तर किटली कधी गार होत नाही."

"पोट जरा बरं नाही."

"पोट बरं नाही आणि मिठाई खाल्लीस ती?"

"मिठाईने बरं वाटतं, वन्सं."

किंजिरोंनी दोन्ही वाडगे संपवले. तेवढ्यात तळ्याच्या पलीकडच्या काठावर सर आली. म्हणजे खरोखर पलीकडच्याच काठावर. तिकडची माणसं डोक्यावर पिशव्या धरून पळताहेत, आणि इकडे तामाएच्या मांडीवर ऊन. सरीने तळं अर्धं ओलांडलं, जरा विचार केल्यासारखी थांबली आणि माघारी डोंगरात गेली.

"सीमेबाहेर," किंजिरो म्हणाले. "सेफ."

हिसानोने डावा हात उजव्या बाहीत घालून काहीतरी चाचपलं. सकाळपासून तिचं हे चाललं होतं. रुमाल असेल, तामाएला वाटलं.

दुसरं देऊळ वाळूच्या बागेचं. पांढरी वाळू दंताळ्याने ओढून तिच्या लाटा केलेल्या, मधे काळे दगड बेटांसारखे, आणि पाण्याचा टिपूस नाही. "कोरडी बाग म्हणतात हिला," किंजिरो म्हणाले. "इथे तरी पावसाने लाज राखायला हवी." पहिल्या देवळातून निघताना त्यांनी दारापाशी आणखी एक चहा घेतला होता, इथला तामाएच्या वाट्याचाही त्यांच्याकडेच आला, आणि त्यांचे डोळे आता बटणांसारखे चमकायला लागले होते.

हिसानोला एक कल्पना सुचली. देवळाची ओसरी काटकोनात होती. तामाएने पूर्वेच्या बाजूला बसायचं, हिसानोने उत्तरेच्या. पाऊस कुणाकडे जातो ते दिसेल.

"हे नियमात नव्हतं, वन्सं."

"घाबरलीस?"

तामाए गेली आणि पूर्वेला बसली. एवढ्यात शिकोकूहून आलेली म्हाताऱ्यांची एक सहल ओसरीवर शिरली. पुढे झेंडा घेतलेली मार्गदर्शिका, मागे एकसारख्या टोप्या घातलेल्या आज्या. किंजिरोंनी चहाच्या भरात त्यांना सगळी हकिकत ऐकवली. एक उन्हाची बाई, एक पावसाची. कोणती कोणती ते सांगायचं तेवढं राहिलं आणि ते घाईघाईने मोरीच्या दिशेने गेले.

मग कुजबुज सुरू झाली. एक ठेंगणी आजी तामाएजवळ येऊन उकिडवी बसली.

"बाई, राग मानू नका. तुम्ही उन्हाच्या की पावसाच्या?"

खोटं कसं बोलणार? समोर देव होता. "लोक मला पावसाची म्हणतात," तामाए हळूच म्हणाली.

"अगं बाई! ही पावसाची गं! उठा, उठा, पलीकडे चला!"

सगळ्या एकसारख्या टोप्या भराभर उठल्या आणि उत्तरेच्या ओसरीवर हिसानोभोवती जाऊन बसल्या. हिसानो मधे, चेहऱ्यावर मंद तेज. पूर्वेला तामाए एकटी. ती वाळूच्या लाटांकडे बघत राहिली. इतक्या मोठ्या ओसरीवर एकटंच बसलं की माणसाला आपण आधीच गोलात असल्यासारखं वाटतं.

आणि उत्तरेचा वारा सुटला. डोंगरावरून सर आली ती तिरपी, थेट उत्तरेच्या ओसरीवर. टोप्या किंचाळल्या. हिसानोच्या केशरी किमोनोवर गडद ठिपके उमटले. पूर्वेला भिंतीच्या आडोशाला तामाए कोरडी ठणठणीत.

"फसवलं हो आपल्याला!" ठेंगणी आजी ओरडली. "खरी उन्हाची तीच आहे, बाई लाजरी म्हणून खरं सांगेना!" आणि सगळी सहल ओल्या मोज्यांनी पचक पचक करत पूर्वेला आली. त्यांच्या मागून एक भिक्षू मुकाट्याने फडकं फिरवत होता. एकीने तामाएच्या हातावर संत्रं ठेवलं. दुसरी म्हणाली, "आमची बस सुटेपर्यंत इथेच बसा हं, आई."

सर थांबली. गुडघ्यांशी ओली झालेली हिसानो आली.

"तू मुद्दाम केलंस."

"मी काय केलं? मी बसले होते."

"बसून मनात काय म्हणत होतीस?"

"कान्नोनचं नाव घेत होते."

"तिलाच सांगितलं असशील, नणंदेला भिजव म्हणून!"

"वन्सं!" तामाएला खरंच लागलं. "असलं काही मी देवीला सांगीन का? मला संकोच वाटेल."

किंजिरो परत आले. वहिनींच्या अंगावर थेंब नाही, म्हणून सेफ, असा निकाल देऊन त्यांनी आठवण करून दिली की आता जेवायची वेळ झाली आहे. हेरिंगचा सुका मासा घातलेल्या सोबाच्या गरम शेवया तिघांनी सुरसुर ओढत खाल्ल्या. हॉटेलवाल्याने चहा आणून ठेवला. किंजिरोंनी न सांगताच तामाएचा पेला स्वतःकडे ओढला.

तिसरी बाग आली तेव्हा चार वाजायला आले होते आणि आभाळात ढगाचा एक पुंजकाही नव्हता. हीच ती लग्नाची बाग. तळं, तळ्यावर दगडी पूल, भोवती लाल मेपल, आणि मधे मोकळी जागा. फोटो तिथेच निघणार होता.

"शेवटचा डाव," किंजिरो म्हणाले. "वहिनी, जागेवर जाऊन उभ्या राहा. वर झाड नको, छप्पर नको. देवळाची घंटा वाजेपर्यंत. घंटा वाजली की सामना संपला."

तामाए मधोमध जाऊन उभी राहिली. उजवीकडे चिहाया उभी असेल, पांढऱ्या पोशाखात. तिने नकळत तिकडे हात पुढे करून नसलेली बाही नीट केली. चिहाया लहान असताना पावसात खेळायला मिळावं म्हणून आजीकडे राहायला यायची. "आजी, आज ढग बोलाव ना," म्हणायची. सगळ्या जगात त्या एका पोरीला तिचा पायगुण आवडायचा.

ऊन पाठीवर होतं. किंजिरो पाय आवळून, गुडघे वाकवून पंचासारखे उभे होते. काही पंचगिरीमुळे, काही चहामुळे. हिसानो बाहीत हात घालून ओठांनी पुटपुटत होती.

आणि तामाएच्या भांगात थेंब पडला.

तिने वर पाहिलं. झाड नव्हतं. छप्पर नव्हतं. डोंगराच्या खांद्यावरून एक राखाडी ढग घाईने येत होता, उशीर झालेल्या पाहुण्यासारखा.

किंजिरोंनी निकालासाठी मूठ वर उचलली. तोंड उघडलं. पण त्या मधोमध उभ्या असलेल्या, भांगावर हात ठेवलेल्या बाईकडे बघून त्यांच्या तोंडून "आउट" काही निघेना. तेवढ्यात पाऊस कोसळला. शिगुरेच्या नावाखाली आलेला चांगला धो धो पाऊस. तिघंही पळत चहाघराबाहेरच्या बाकावर, एवढ्याशा छपराखाली जाऊन दाटीवाटीने बसली.

"संपलं," हिसानो धापा टाकत म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं? आता तू आपली दालनात..."

"अगं," किंजिरो म्हणाले, "तुझ्या बाहीतून काय गळतंय?"

सायीच्या रंगाच्या रेशमावर काळा ओघळ उतरत होता. कोपरापासून मनगटापर्यंत, मनगटावरून मांडीवर. हिसानोने बाही घट्ट धरली. त्यामुळे जे व्हायचं तेच झालं. पिळल्यासारखं होऊन आणखी काळं पाणी आलं आणि त्या पाण्याबरोबर बाहीच्या तोंडातून एक पांढरा गोळा सुळकन बाहेर पडला.

तेरू तेरू बोझू. लहान मुलं ऊन पडावं म्हणून खिडकीत टांगतात तो कापडाचा टकला बाहुला. कापसाचं डोकं, खाली झगा. त्याचं शाईने काढलेलं तोंड विरघळून चाललं होतं. डोळ्यांतून काळे अश्रू, आणि हसू हनुवटीच्या खाली उतरलेलं. तो बाहीत अडकला होता तो डोकं खाली, झगा वर असा. सरळ टांगला की ऊन, उलटा टांगला की पाऊस, हे चिमुरड्या पोरांनाही ठाऊक असतं.



"वन्सं," तामाए म्हणाली, "हा दिवसभर उलटा होता?"

"डोकं जड झालं," हिसानो पुटपुटली. "कापूस जास्त भरला. महत्त्वाचा दिवस म्हणून."

"आणि तोंड आधीच काढलंत? ऊन पडल्यावर काढायचं असतं ना? भिजलं तर शाई उतरते म्हणून."

"माझ्यावर ऊन पडतंच! मग थांबायचं कशाला?"

किंजिरो बायकोकडे बघतच राहिले होते. "तू... नेहमी ठेवतेस हा?"

हिसानोने मान खाली घातली. "शाळेत असल्यापासून."

"आपल्या लग्नातसुद्धा?"

"ओबीच्या कमरपट्ट्यात. दोन होते."

"तरीच! मला वाटलं होतं तू जरा..."

"गप्प बसा तुम्ही!" हिसानो कडाडली, आणि मग एकदम तिचा आवाज बारीक झाला. "मला काय कुणी माझ्यासाठी बोलावतं? उन्हासाठी बोलावतात. मी शाळेत कशातच हुशार नव्हते. एकदा सहलीला ऊन पडलं आणि बाई म्हणाल्या, हिसानोमुळे. तेवढंच एक कुणीतरी माझ्याबद्दल चांगलं बोललं होतं. ते जाऊ कसं देऊ? रात्री झोप येत नाही गं वहिनी. कुणाचं लग्न ठरलं की मी रेडिओवर हवामान ऐकत बसते."

तामाएने कितीदा मनात म्हटलं असेल, वन्संना काय, बसल्या जागी ऊन मिळतं. आणि ही बाई म्हातारपणी रात्री जागून डोकी शिवत होती. तामाएला हसू आलं. ते लपवायला तिने तोंडावर बाही धरली, पण खांदे हलायला लागले, आणि मग हिसानोलाही फुटलं, आणि दोघी त्या चिमुकल्या बाकावर एकमेकींना धरून इतक्या हसल्या की किंजिरो काठावरून घसरून पावसात पडता पडता वाचले.

तामाएने बाहुला उचलला, छपराच्या धारेखाली धरून धुतला, हलक्या हाताने पिळला. तोंड पार गेलं. नुसतं कोरं पांढरं डोकं राहिलं. तिने डोक्यातला थोडा कापूस काढून टाकला, गळपट्टीत खोचलेली सुई काढून टाळूतून दोरा ओवला. "असा टांगायचा, वन्सं. मानेला बांधला की उलटतो. तोंड नंतर काढू."

"आणि निकाल?" हिसानो नाक पुसत म्हणाली. "थेंब तर तिच्यावर पडला होता. मी पाहिला."

किंजिरो उभे राहिले, टोपी सरळ केली, पावसात एक पाऊल पुढे टाकलं आणि दोन्ही हात उंच करून ओरडले, "पावसामुळे सामना रद्द! निकाल नाही! हार नाही, जीत नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे सामना झालाच नाही. मग अट कुठली?"

हिसानोने खूप विचार केला. काळ्या झालेल्या बाहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "वहिनी, तू मधोमध उभी राहा. पण मी तुझ्या शेजारी. अगदी चिकटून. काही झालं तर कुणामुळे झालं ते लोकांना कळायला नको."

पुढच्या रविवारी बागेच्या फाटकावर तो कोऱ्या तोंडाचा बाहुला टाळूवरच्या दोऱ्याने सरळ टांगलेला होता. आभाळ सकाळपासून कुणालाच दाद देत नव्हतं. घटकेत निळं, घटकेत राखाडी. पाहुण्यांना दालनात चहा दिला गेला. तामाएने आपला वाडगा सवयीने डावीकडे सरकवला, आणि किंजिरोंनी सवयीने उचलला.

फोटोची वेळ झाली. नवरा, नवरी, दोन्हीकडची माणसं मोकळ्या जागेत आली. मधोमध तामाए, तिला चिकटून हिसानो. फोटोवाल्याने हात वर केला आणि त्याच क्षणी ढगातून लख्ख ऊन पडलं, आणि त्या उन्हातच बारीक पाऊस सुरू झाला. मेपल पेटल्यासारखे झाले, थेंब न थेंब चकाकायला लागला.

सगळ्यांनी दोघींकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. ऊन कुणाचं, पाऊस कुणाचा, काही सांगता येईना.

"आजी!" चिहाया हसून म्हणाली. उन्हात पाऊस पडला की कोल्ह्याचं लग्न असतं. "आज माझं लग्न आहे की कोल्ह्याचं?"

"दोघांचं उरकून घेऊ," तामाए म्हणाली. "इकडे सरक, भिजशील."

"हलू नका, असा उजेड परत मिळायचा नाही!" फोटोवाला ओरडला, आणि फोटो निघाला. त्यात सगळे भिजलेले आहेत आणि सगळे हसताहेत. तामाएने चिहायाची बाही धरलेली दिसते, हिसानोने तामाएची.

तेवढ्यात मोरीकडून दगडी पुलावरून धावत धावत किंजिरो आले. "झाला? झाला की काय?"

"झाला," हिसानो म्हणाली. "किती वाडगे प्यायलात?"

"वहिनींचे धरून..." ते बोटं मोजायला लागले.

त्यांचा वेगळा फोटो काढण्यात आला. टोपी घालून, हात फैलावून. तो आता वरच्या कोपऱ्यात आहे. गोलात.

चिहायाने कुंचला घेऊन बाहुल्याचं तोंड काढलं. एक डोळा मोठा झाला, पण बाहुला तक्रार करणारा नव्हता. तामाए ओसरीच्या कडेला येऊन बसली. कुणीतरी तिच्यापुढे चहा ठेवला. किंजिरोंचा हात आपोआप पुढे आला. तिने त्यावर हलकीशी चापट मारली.

"आज नाही, भावोजी."

तिने वाडगा दोन्ही हातांनी उचलला, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या देवळाच्या दिशेने मान लववली, आणि वाफ पोटभर आत घेतली. तेवढ्यात छपराच्या कडेवरून एक थेंब निसटला आणि टपकन फेसाच्या मधोमध पडला.

हिसानोने तो पाहिला. ती काही म्हणाली नाही.

तामाए थेंबासकट चहा प्यायली.